सोप्या नियमांचा आग्रह: मूळ कुठलं?

फँटसी रोलप्लेइंगमध्ये, म्हणजे काल्पनिक जगातली पात्रं होऊन खेळायच्या खेळात, जाडजूड नियमपुस्तक मिटून पन्नास-साठ पानांत खेळ चालवणाऱ्यांना काही जुने खेळाडू आळशी ठरवतात. इतिहास पाहिला तर हा आरोप टिकत नाही. निवाडा पुस्तकाने करायचा की समोर बसलेल्या माणसाने, हा वाद या खेळाच्या जन्माआधी शंभर वर्षं सुरू होता.

१८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ यांचा 'क्रीगश्पील' हा नकाशावरचा युद्धखेळ आला. फासे, हानीचे तक्ते, तुकड्यांच्या चालीची मोजमापं, सगळं त्यात होतं. तक्ते चाळण्यातच वेळ जाऊ लागला, म्हणून १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ यांनी निर्णय अनुभवी पंचावर सोपवावा असं मांडलं. हीच पंचाची परंपरा अमेरिकेतल्या हौशी युद्धखेळात उतरली. १९६९ मध्ये डेव्हिड वेझली यांनी 'ब्राउनश्टाइन'मध्ये प्रत्येक खेळाडूला एकेक पात्र दिलं. त्यांच्याच गटातल्या डेव्ह आर्नेसन यांनी 'ब्लॅकमूर' रचला आणि १९७४ मध्ये त्यांच्या व गॅरी गायगॅक्स यांच्या नावावर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला: एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका. त्यात जागोजागी मोकळ्या जागा होत्या आणि प्रत्येक गट त्या आपापल्या पद्धतीने भरत होता. लगेच पुढच्या वर्षी केन सेंट आन्द्रे यांनी फक्त सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' काढला. दोन्ही बाजूंची बेरीज करायची, जो फरक येईल तेवढी इजा हरणाऱ्या बाजूला.

नियम फुगले ते १९७७ ते १९७९ दरम्यान, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीच्या तीन मोठ्या पुस्तकांत. त्यामागे कारण होतं. स्पर्धा भरू लागल्या होत्या आणि सगळीकडे खेळ एकसारखा व्हावा, अशी गायगॅक्स यांची इच्छा होती. पण लढाईची एक फेरी एका मिनिटाची, तिचे सहा सेकंदांचे दहा भाग, वर प्रत्येक शस्त्राला प्रत्येक चिलखताविरुद्ध वेगळी बेरीज-वजाबाकी. हा शेवटचा तक्ता कित्येक गटांनी कधी वापरलाच नाही.

त्याच काळात सोपी शाखाही जिवंत होती. १९८१ ची टॉम मोल्डव्हे यांची 'बेसिक' पुस्तिका अवघी ६४ पानांची, आणि आजही सोप्या नियमांचा मापदंड तीच. पात्राचे ताकदीसारखे सहा गुण, प्रत्येकासाठी तीन फासे. पुढाकारासाठी प्रत्येक बाजूचा एक फासा. एक मशाल सहा टर्न जळते, एक टर्न दहा मिनिटांचा. दर दोन टर्नना एक फासा टाकायचा. १ आला की भटकं संकट समोर उभं.

पुढे २००० च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीने जवळपास सगळं वीस बाजूंच्या एका फाशावर आणलं. गणित सुटसुटीत झालं, पण प्रत्येक चालीला निवडायचे पर्याय वाढले आणि लढाया लांबल्या. एकसारखे नियम म्हणजे कमी नियम नव्हेत, ही गल्लत आजही होते. त्याच आवृत्तीसोबत आलेल्या, इतरांनाही नियम वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याचा आधार घेऊन २००६ पासून जुन्या नियमांच्या नव्या मांडण्या निघाल्या. २०१४ च्या 'इन्टू द ऑड'ने तर वार लागला की नाही यासाठीचा फासाच काढून टाकला; थेट इजा मोजायची.

कोकणात हा वाद अगदी व्यवहाराचा होतो. पुस्तकं इंग्रजीत, ती वाचलेला बहुधा एकच जण, आणि गणपतीत चाकरमानी आल्यावर पडवीवर बसलेल्यांत दहा वर्षांच्या पोरापासून काकांपर्यंत सगळे. आरती आणि भजनाच्या मधे दोन-अडीच तास मिळतात. नियम जाड असले की प्रत्येक शंकेला खेळ थांबतो, कारण उत्तर एकाच डोक्यात असतं. शिवाय चार-आठ-वीस बाजूंचे फासे मागवावे लागतात. ल्युडोचे घरात असतातच. ठरलेल्या संहितेवाचून रात्रभर चालणारा दशावतार इथल्या माणसाला परका नाही: आख्यान ठाऊक असतं, संवाद जागेवर सुचतात. सोप्या नियमांना नेमकी हीच तयारी लागते.

फसतं ते मात्र ठरावीक ठिकाणी. 'बेसिक'मधला धैर्याचा फासा अनावश्यक समजून गाळला जातो आणि मग प्रत्येक गॉब्लिन (खेळातला छोटा राक्षस) मरेपर्यंत लढतो. त्याचं धैर्य ७. पहिला साथीदार पडला की, आणि निम्मे गारद झाले की, दोन फासे टाकायचे. बेरीज ८ किंवा जास्त आली तर ते मागे फिरतात. ३६ पैकी १५ वेळा असं घडतं. हे वगळलं की पहिल्या लेव्हलची पात्रं पटापट मरतात आणि दोष सोप्या नियमांना मिळतो.

दुसरी अडचण पक्षपाताची. नियम कमी असले की डीएमवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या पंचावर, भार वाढतो. जलदुर्गाच्या दारापर्यंत भरतीच्या पाण्यातून पोहायचं असेल, तर 'बेसिक'मधल्याच तोडग्याने वीस बाजूंचा फासा ताकदीइतका किंवा कमी पडायला हवा. ताकद १३ असेल तर शक्यता ६५ टक्के. अंगात साखळी चिलखत म्हणून डीएमने फाशात ४ मिळवले, तर ४५. आकडा फासा टाकण्याआधी सांगायचा आणि निवाडा लगेच वहीत लिहायचा. आज सुशांतला लावलेले ४ उद्या त्याच्या धाकट्या बहिणीला माफ झाले, तर खेळाडू पुन्हा जाड पुस्तक मागतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त असतं.