ख्रिस्ती माणसाला बायबलशिवाय दुसरं काही वाचायला मनाई असते?

शरणपूर रोडला राहणाऱ्या आम्हा ख्रिस्ती नाशिककरांना हा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकू येतो. संतसाहित्य, कादंबऱ्या, सिनेमे, सगळं वर्ज्य म्हणे! हे खरं नाही.

रोमन कॅथलिक चर्चची निषिद्ध पुस्तकांची यादी होती, पण १९६६ मध्ये तीही संपली. उलट बायबलमध्येच ख्रिस्ताचा प्रेषित पौल अथेन्सच्या लोकांशी बोलताना त्यांच्याच कवींचा दाखला देतो. ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा,’ हेही त्याचंच सांगणं. न वाचता पारख कशी होणार?

मराठीत तर हे नातं फार जुनं. गोव्यात राहिलेले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तकथा ओव्यांत रचली, ती १६१६ मध्ये छापली गेली. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. (त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, हे मला अभिमानानं सांगावंसं वाटतं.) टिळकांची पदं आम्ही आजही उपासनेत गातो.

सिनेमा पाहताना मी एवढंच बघते: यात दुबळ्याला माणूस म्हणून मान आहे का, आणि क्षमेला जागा आहे का?