मेंकेस डिसीज: बाळाचे केस आणि ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्या

1962 साली न्यूयॉर्कमधे जॉन मेंकेस आणि त्यांच्या टीमने एकाच घराण्यातल्या पाच मुलग्यांच्या आजाराची हकीकत छापली. जन्मताना बाळं ठीकठाक, मग दोन-तीन महिन्यांत जे काही शिकलं होतं तेही मागे पडायचं, फिट्स यायच्या आणि लहानपणीच जायची बिचारी. केस मात्र सगळ्यांचे तसेच, आखूड, फिकट, अगदी तारेच्या घासणीसारखे. मायक्रोस्कोपखाली एकेक केस स्वतःभोवतीच पीळ घेतलेला आणि मधेच तुटलेला दिसतो. हा आजार फक्त मुलग्यांना होतोय म्हणजे एक्स क्रोमोसोमवरून येतोय एवढं कळलं, पण का होतो ते पुढची दहा वर्षं कोणालाच सांगता येईना.

उत्तर होतं मेंढ्यांकडे! ऑस्ट्रेलियात काही भागांतल्या जमिनीत तांबं कमी, त्यामुळे चाऱ्यातही कमी, तिथली कोकरं लडखडत चालायची, काळी लोकर करडी पडायची आणि लोकरीतल्या लाटा जाऊन ती सरळ व्हायची, हे तिथल्या लोकांना 1930 च्या दशकापासून माहीत होतं. मेलबर्नच्या डेव्हिड डँक्स यांना बाळांचे केस बघून ही लोकर आठवली. रक्त तपासलं तर कॉपर खरंच कमी, आणि 1972 मधे त्यांनी ते जाहीर केलं. गंमत बघा, लोकर सरळ झाली आणि बाळांचे केस पिळले, पण आतली गडबड एकच, केराटिनमधले (केस आणि लोकर ज्या प्रथिनाचे बनतात त्यातले) सल्फरचे बंध तांब्याशिवाय नीट जुळत नाहीत. केसांचा रंग बनवणाऱ्या एन्झाइमला तांबं लागतं, मेंदूलाही लागतंच.

आता कोणी म्हणेल तांब्याच्या भांड्यातलं पाणी पाजा, तर नाही चालत, कारण आतडंच ते पुढे रक्तात सोडत नाही. यामागचं एटीपी7ए जीन 1993 मधे तीन टीम्सनी एकाच वेळी शोधलं.

आतड्यातून तांबं पुढे जात नाही म्हणून कॉपर हिस्टिडिनची (तांब्याच्या एका संयुगाची) इंजेक्शनं देतात, तीही जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरू केली तरच फायद्याची शक्यता जास्त, आणि तरी सगळ्यांना गुण येतोच असं नाही. खरी पंचाईत इथेच आहे, कारण तेव्हा केस बऱ्याचदा नॉर्मल दिसतात आणि रक्तातलं कॉपर त्या वयात सगळ्याच बाळांचं कमी असतं, त्यामुळे घराण्यात आधी असं मूल झालं असेल तर थेट जीन टेस्टच करावी लागते.