वणावरचे केस: टकलाच्या आधीची गोष्ट

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या सलूनवाल्याला मी कधी काही सांगितलेलं नाही, तरी उजव्या कानाच्या वर आला की तो मशीन ठेवून कात्री उचलतो. तिथे दीड इंचाची गुळगुळीत रेघ आहे. पाचवीत असताना तलावपाळीच्या पायरीवर आपटलो, खोक पडली, पाच टाके पडले. जखम भरली, पण वणावर केस काही आले नाहीत. 'चाई पडलीये का?' असं विचारणारे अजून भेटतात. चाईत केसांची मुळं शाबूत असतात, फक्त कामावर येत नाहीत. वणात ती उरलेलीच नसतात.

ती का उरत नाहीत, हे नीट कळायला 1990 साल उजाडलं. कोट्सारेलिस, सन आणि लावकर या तिघा संशोधकांनी उंदरांच्या त्वचेवर दाखवून दिलं की केस पुन्हा उगवण्यामागच्या मूळपेशी अगदी तळाशी नसतात. अंगावर काटा आणणारा बारीक स्नायू केसाच्या मुळाला जिथे चिकटतो, त्या फुगीर भागात त्या असतात. त्वचा खोलवर भाजली किंवा फाटली की तो भागच जातो. मग कांद्याचा रस चोळा नाहीतर मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध लावा, वणावर ते फुकट. मांडीची त्वचा काढून डोक्याच्या जखमेवर लावली तर जखम झाकते, पण तिथे उगवली तर मांडीची लव उगवेल, डोक्याचे केस नाहीत.

घोडबंदर रोडला किंवा वाशीच्या सेक्टर 17 मध्ये केसरोपणाच्या पाट्या बघा. 'आधी' आणि 'नंतर' अशी जी डोकी दिसतात ती सगळी टकलाची. विद्या मात्र वणापासून सुरू झाली. 1939 साली शोजी ओकुडा या जपानी त्वचारोगतज्ज्ञाने केसांसकट त्वचेचे 2 ते 4 मिलिमीटरचे गोल तुकडे काढून ते भाजलेल्या, वण पडलेल्या डोक्यांवर आणि भुवयांवर बसवले. काढलेला तुकडा आक्रसतो, म्हणून तो बसवायचं भोक थोडं लहान पाडायचं, इतका बारकावा त्याने पाहिला होता. लेख जपानीत छापून आला, मागोमाग महायुद्ध आलं आणि पाश्चात्त्य डॉक्टरांपर्यंत तो पोचलाच नाही.

न्यूयॉर्कच्या डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइखने 1952 मध्ये टकलावर तेच केलं, ओकुडाची खबर नसताना. त्याचा 1959 चा निबंध गाजला. डोक्यामागचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही, म्हणजे टकलाच्या जागीही टिकून राहतो, हा त्याचा सिद्धान्त. टकलापुरता तो खरा ठरला आणि त्यावर सगळा धंदा उभा राहिला. वणाचं दुखणं निराळं. तिथे केस कितीही गुणी असला तरी जमीन खडकाळ, रक्तपुरवठा तुटपुंजा. 4 मिलिमीटरचा तुकडा निरोगी टाळूवरसुद्धा कडेने जगायचा आणि मधोमध रक्त न पोचल्याने तिथले केस मरायचे. वणाची तर बातच सोडा.

मग रक्त बरोबर घेऊनच जायचं, हा दुसरा मार्ग. तो आपल्याकडचा जुना. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने कावसजी नावाच्या गाडीवानाची हकिगत छापली. टिपूच्या माणसांनी कापलेलं त्याचं नाक पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवं घडवलं होतं. कातडी एका टोकाला जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. वणाशेजारची केसाळ टाळू सरकवून वण झाकताना शल्यविशारद अजूनही हेच करतात.

अडचण एवढीच की टाळू पोटासारखी ताणली जात नाही. त्यावर तोड 1976 मध्ये चेडोमिर रॅडोव्हन या शल्यविशारदाने आणली. त्वचेखाली सिलिकॉनची पिशवी ठेवायची आणि काही आठवडे तिच्यात सुईने थोडं थोडं मिठाचं पाणी भरत जायचं. वरची केसाळ त्वचा ताणून वाढते, मग पिशवी काढून ती वणाच्या जागी पसरायची. नवे केस यात उगवत नाहीत, आहेत तेच विरळ होऊन जास्त जागा व्यापतात. लहानपणी उकळत्या पाण्याने किंवा स्टोव्हच्या भडक्याने डोकं मोठं भाजलेलं असेल तर हाच मार्ग उपयोगी. पण त्या दोन-तीन महिन्यांत डोक्यावर नारळाएवढं टेंगूळ घेऊन शाळेत जाणाऱ्या पोराचं काय होत असेल! आपल्या भागात ऐरोलीला भाजलेल्यांसाठीचं नॅशनल बर्न्स सेंटर आहे, त्वचापेढीसह. तिथे मात्र जीव आधी, केस फार पुढे.

लहान वणांना दिलासा मिळाला तो तुकडे बारीक झाल्यावर. 1988 पासून डॉक्टर बॉबी लिमर सूक्ष्मदर्शकाखाली एक ते चार केसांचे नैसर्गिक झुबके वेगळे करू लागला. 2002 मध्ये रॅसमन आणि बर्नस्टाइन या डॉक्टरांनी तेच झुबके एकेक करून थेट टाळूतून काढण्याची रीत छापली. झुबका जितका बारीक तितकी त्याची रक्ताची भूक कमी. आणि गंमत पाहा, लिमरच्या रीतीत डोक्यामागून कातडीची पट्टी कापावी लागते, तिथे लांबट वण पडतो, आणि आता तो वण बुजवायला लोक रॅसमन-बर्नस्टाइनच्या रीतीकडे जातात.

सगळे वण मात्र जखमेचे नसतात. लायकेन प्लॅनोपिलॅरिससारख्या आजारात शरीरच केसांची मुळं खातं. 1994 मध्ये त्वचारोगतज्ज्ञ कोसार्ड यांनी ऑस्ट्रेलियात नोंदवलेला, कपाळाची केसरेषा मागे ढकलणारा प्रकारही त्यातलाच. आजार धुमसत असताना रोपण केलं तर नवे केसही जातात, म्हणून तो किमान वर्ष-दोन वर्षं शांत राहिल्याशिवाय जाणता डॉक्टर हात लावत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी ठाण्यातच एका डॉक्टरांना ती रेघ दाखवली. त्यांनी वण चिमटीत धरून हाडावरून सरकतो का ते पाहिलं, सुई टोचून रक्त किती येतं ते पाहिलं.

"आधी वीस-पंचवीस केस लावून बघू," ते म्हणाले. "लावलेले महिनाभरात गळतील, घाबरू नका. वणात उगवायला वेळ लागतो. आठ-नऊ महिन्यांनी किती उभे आहेत ते मोजू आणि मग पुढचं. तेसुद्धा दाट नाही, दोन खेपांत."

सलूनवाल्याला हे सांगितलं. तो कात्री चालवत राहिला. "तोपर्यंत वरचे केस थोडे लांबच ठेवू," म्हणाला.