विमानाचा हौदा किती रुंद हवा?

24 एप्रिल 2021 रोजी सकाळी भारतीय हवाई दलाचे एक सी-17 मालवाहू विमान दिल्लीजवळच्या हिंडनहून निघाले, पुण्यात उतरले, तिथे प्राणवायूचे दोन रिकामे टँकर ट्रकसकट पोटात घेतले आणि दुपारी जामनगरला नेऊन उतरवले. त्याच आठवड्यात कळंबोलीहून विशाखापट्टणमला पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ सोडताना रेल्वे मात्र मिलिमीटर मोजत बसली होती. सपाट वॅगनची उंची 1290 मिमी. तिच्यावर चढवलेला टँकर वाटेतले पूल, बोगदे आणि विजेच्या तारा यांच्या खालून सुखरूप जायला हवा, म्हणून अखेर 3320 मिमी उंचीच्या टँकरची निवड झाली. रिकामे टँकर ओढण्याइतकी ताकद इंजिनात होतीच. अडचण मापाची होती. सी-17च्या मालकक्षाची, म्हणजे हौद्याची, उंची 3.76 मीटर आहे, त्यामुळे त्या उंचीचा टँकर त्यात मावतो. आपल्याच हवाई दलाच्या सी-130जे विमानात ती उंची 2.74 मीटर आहे, तेव्हा तिथे प्रश्न दारातच संपतो.

मालवाहू विमानाची चर्चा बहुधा टनांत होते, कारण टन लक्षात ठेवायला सोपे असतात. पण ट्रकवाल्याला विचारले, तर तो टनांच्या आधी हौद्याची लांबी-रुंदी सांगेल. कापसाने शिगोशीग भरलेली गाडी वजनाच्या मर्यादेच्या कितीतरी आधी भरते, आणि लोखंडी सळ्या नेणारी गाडी अर्धी रिकामी दिसत असतानाच काट्यावर पूर्ण भरते. सैन्याच्या सामानात हे दोन्ही प्रकार असतात. तंबू, शिधा, औषधे आणि सुटे भाग कापसाच्या जातीचे. रणगाडा सळ्यांच्या जातीचा. शिवाय रणगाड्याचे तुकडे करून दोन खेपांत नेता येत नाहीत.

अमेरिकेच्या सी-141 विमानाची कहाणी या बाबतीत फार बोलकी आहे. 1963 मध्ये पहिले उड्डाण केलेल्या या जेट विमानाला हौदा मिळाला तो जवळजवळ जुन्या सी-130च्याच आडव्या छेदाचा, म्हणजे सुमारे 3 मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच. इंजिने दमदार होती, पण वजनाची मर्यादा गाठण्याआधीच जागा संपू लागली. तेव्हा सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून 270 विमानांची धडे पंखांच्या पुढे आणि मागे कापून मध्ये नवे तुकडे बसवण्यात आले. प्रत्येक विमान सुमारे 7.1 मीटरने लांबले, 10 पॅलेटच्या (सामान रचून बांधायच्या सपाट तक्त्यांच्या) जागी 13 मावू लागले आणि नव्वदेक नवी विमाने घेतल्याइतकी वहनक्षमता हाती आली. रुंदी मात्र होती तेवढीच राहिली. 1973च्या युद्धात इस्रायलला रणगाडे हवाईमार्गे न्यायची वेळ आली, तेव्हा ते सी-5 या अवाढव्य विमानातूनच गेले. सी-141ला ते काम पेलणारे नव्हते, आणि पुढे कितीही लांबवले असते तरी पेलले नसते.

माझ्या मते मालवाहू विमानाच्या आराखड्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथेच होतो. लांबी मागाहून वाढवता येते. रुंदी आणि उंची एकदाच ठरतात, कारण धडाचा वर्तुळाकार छेद बदलणे म्हणजे विमानच नव्याने बांधणे होय. आतल्या हवेचा दाब सहज पेलण्यासाठी धड गोल ठेवावे लागते आणि त्या गोलात चौकोनी सामान बसवायचे असते. एअरबसच्या ए-400एमचा मालकक्ष 4 मीटर रुंद आणि 3.85 मीटर उंच आहे. अशा चौकोनाचा कर्ण साडेपाच मीटरच्या किंचित वर येतो आणि त्याच्या धडाचा व्यास आहे 5.64 मीटर. सी-17मध्ये रुंदी साधारण 5.5 मीटर, म्हणजे दोन ट्रक शेजारी-शेजारी उभे राहतील इतकी, ठेवली तेव्हा व्यास 6.86 मीटरवर गेला. व्यासांचा वर्ग करून पाहिला, तर हवेला सामोरे जाणारे धडाचे क्षेत्रफळ सुमारे दीडपट झाले, असे दिसते. रुंदीत वाढवलेल्या त्या दीड मीटरची किंमत विमान पुढची कित्येक दशके प्रत्येक उड्डाणात इंधनाच्या रूपाने मोजत राहते, मग त्या दिवशी आत ट्रक असोत की नुसती पोती.

कोणी विचारेल, मग मोठी नागरी मालवाहू विमानेच का वापरू नयेत? पॅलेटसाठी ती वापरलीही जातात. पण बोइंग 747च्या मालकक्षाची फरशी जमिनीपासून सुमारे पाच मीटर उंचावर असते, त्यामुळे उचलयंत्र नसलेल्या धावपट्टीवर तिचा उपयोग नाही. लष्करी विमानाचे पंख वर आणि चाके धडालगत ठेवतात ती फरशी खाली आणण्यासाठीच. सी-130मध्ये ती जमिनीपासून जेमतेम एक मीटर वर असते आणि मागचा फाळका उतरवला की वाहन स्वतःच्या चाकांवर आत शिरते. फरशीचा दुसरा गुण मजबुतीचा. 29 एप्रिल 2013 रोजी अफगाणिस्तानात बग्रामहून पाच चिलखती वाहने घेऊन उडालेले नागरी 747 विमान, आतले वाहन सुटून मागे घसरल्याने कोसळले आणि त्यातले सातही जण मृत्युमुखी पडले. असे सामान किती साखळ्यांनी आणि कोणत्या कड्यांना जखडायचे, हाही जागेच्याच हिशोबाचा भाग आहे.

आता खरी पंचाईत. विमान चाळीस-पन्नास वर्षे वापरले जाते आणि त्या काळात त्याने वाहून न्यायची वाहने बदलत जातात, बहुधा जाड होत जातात. अमेरिकी लष्कराने 2003 मध्ये सुरू केलेल्या ‘फ्यूचर कॉम्बॅट सिस्टम्स’ या प्रकल्पात सगळी नवी चिलखती वाहने सी-130मध्ये मावली पाहिजेत, अशी अट घातली होती. इराकमधल्या सुरुंगांनी चिलखताची जाडी वाढवायला लावली, वजन वाढत गेले, आधी ती अट सोडावी लागली आणि 2009 मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला गेला. जर्मनीने पुमा या चिलखती लढाऊ वाहनासाठी वेगळी तोड काढली. मूळ वाहन साडेएकतीस टनांच्या आसपास ठेवून ते ए-400एमच्या आवाक्यात आणले, आणि 43 टनांपर्यंत नेणारे जादा चिलखत सुटे ठेवले. तीन विमानांत तीन पुमा आणि चौथ्यात त्यांची चिलखते, अशी ती योजना. युक्ती हुशारीची खरीच, पण चौथे विमान वाटेत अडकले तर काय, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे हा ताण फार जवळून पाहायला मिळतो. 1985 मध्ये हवाई दलात आलेल्या इल्यूशिन-76, म्हणजे ‘गजराज’, विमानाचा मालकक्ष 3.45 मीटर रुंद आहे आणि बाजूच्या पत्र्यांसह टी-72 रणगाड्याची रुंदी 3.59 मीटर. त्यामुळे पत्रे उतरवल्याशिवाय रणगाडा आत शिरत नाही, आणि शिरताना दोन्ही बाजूंना उरलेल्या काही सेंटिमीटरांवर नजर ठेवत, हाताच्या खुणांनी चालकाला इंच-इंच पुढे घ्यावे लागते. याच रीतीने 1990 मध्ये टी-72 लेहला पोहोचले. गलवानच्या संघर्षानंतर हवाई दलाने सुमारे 90 रणगाडे आणि सैनिकांना नेणारी 330 बीएमपी चिलखती वाहने लडाखमध्ये उतरवली, तेव्हा सी-17ची ऐसपैस रुंदी हाताशी होती.

पण त्या सी-17चे उत्पादन 2015 मध्ये थांबले आणि आपल्याकडे ती अकराच आहेत. त्याहून मोठे अँटोनोव्ह-124, ज्याचा हौदा 6.4 मीटर रुंद आहे, नव्याने बनत नाही. युरोपीय देश ते वर्षानुवर्षे भाड्याने घेत आले आणि 2021 पासून जर्मनीच्या पुढाकाराने अवजड, अवाढव्य सामानासाठी वेगळ्या विमानाचा विचार करत आहेत. आज कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या लष्करी मालवाहू विमानाचा हौदा 4 मीटरच्या फारसा पुढे जात नाही.

भारताने डिसेंबर 2022 मध्ये मध्यम मालवाहू विमानासाठी जी माहिती मागवली, तीत क्षमता 18 ते 30 टन अशी नोंदवली होती. त्यासाठी चर्चेत असलेल्या तीन विमानांच्या हौद्यांची रुंदी वेगवेगळी आहे: सी-130जे 3.1 मीटर, केसी-390 साधारण 3.45 मीटर आणि ए-400एम 4 मीटर. दरम्यान, लडाखसाठी आखलेल्या झोरावर या हलक्या रणगाड्याचे वजन 25 टनांवर आले आहे. सी-130जेची कमाल भारक्षमता वीसेक टनांची, म्हणजे तो तिथे वजनातच बसत नाही; केसी-390ची 26 टन असल्याने एक टन काय तो शिल्लक राहतो, आणि तोही विमानाला इंधन कमी घेऊन जवळच्याच पल्ल्यावर जायचे असेल तेव्हा.