कोलोरॅडोत एल्कची शिकार: परवाना, व्हिसा आणि काडतूस, अर्ज नेमका कुठे अडतो

एल्कच्या शिकारीला जायचं ठरलं की जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: रायफल कुठल्या काडतुसाची घेऊ? प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर खाली सविस्तर दिलं आहे. पण डेन्व्हर-बोल्डरकडच्या मराठी मंडळींचं घोडं सहसा काडतुसापाशी अडत नाही, कागदापाशी अडतं. त्यातही व्हिसावर असलेल्यांचं जास्त. म्हणून आधी कागद.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबराच्या शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे घरातून आलेलं ज्ञान इथे कुणापाशीच नसतं. एल्क हे सांबरासारखंच दांडगं हरीण. मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास, मोठा नर तीनशेच्या पुढे. अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत आणि त्यांच्या शिकारीचा सगळा कारभार कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ म्हणजे सीपीडब्ल्यू हे खातं बघतं.

व्हिसावर असाल तर

केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्याचा नसलेल्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक विकत घेता येत नाही आणि जवळ बाळगताही येत नाही. काडतुसालाही हाच नियम लागू आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, सगळे यात आले. या मनाईला आपल्या कामाचा अपवाद एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. तो हातात असेल तर मनाई उठते. मासेमारीचा परवाना चालत नाही. शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं कार्डही चालत नाही, ते परवाना मिळवण्यासाठी असतं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याची रायफल चालवणंसुद्धा या मनाईत येतं. काउंटरवर कुणी व्हिसा विचारत नाही, एका कागदावर सही घेतात आणि बंदूक हातात देतात. त्यांनी विचारलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. हा केंद्रीय गुन्हा आहे. २०२२ पासून त्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि व्हिसा, ग्रीन कार्ड सगळ्यावर पाणी पडू शकतं. आधी परवाना, मगच रेंज.

आता तारीख. कोलोरॅडोचा छोट्या जनावरांच्या शिकारीचा वार्षिक परवाना १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतो. शिकारीचा हंगाम नोव्हेंबरात आटोपतो, रायफल कपाटात जाते आणि परवाना विस्मरणात. १ एप्रिलला तो संपलेला असतो आणि कपाटातली रायफल व काडतुसं त्या दिवसापासून बेकायदा ठरतात. सीपीडब्ल्यूचा कुठलाही कागद हे तुम्हाला सांगणार नाही. त्यांच्या दृष्टीने परवाना संपला म्हणजे शिकार करू नका, एवढंच. व्हिसावाल्याचं काय होतं याची त्यांना पर्वा नाही आणि बंदुकांचा कारभार बघणाऱ्या केंद्रीय खात्याच्या नियमावलीत ते शोधायला वकिलाचे डोळे लागतात. नवा परवाना १ मार्चपासून मिळतो, तेव्हा मार्चमध्येच काढा. एल्कच्या परवान्यावर विसंबू नका, तो हंगामाच्या तारखांपुरता असतो.

यापेक्षाही नाजूक बाब नोकरी जाण्याची. एच-वन-बीवर नोकरी गेली की सहसा जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत असते. ती संपून कायदेशीर वास्तव्याचा दर्जाच उरला नाही, तर शिकारीचा परवाना खिशात असूनही उपयोग नाही, कारण बेकायदा राहणाऱ्याला तो अपवाद लागूच होत नाही. रेहैफ नावाच्या विद्यार्थ्याचा खटला याच मुद्द्यावर २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विद्यापीठाने काढून टाकल्यावर त्याचा दर्जा संपला होता आणि त्यानंतर त्याने रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या होत्या. आपला दर्जा संपला आहे हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं खरं, पण तिथवर लढायची वेळ कुणावर यावी असं मला वाटत नाही. नोकरी गेली तर पहिल्याच आठवड्यात वकिलाला विचारा आणि रायफल कायदेशीर मार्गाने दुसऱ्याकडे सोपवा.

ग्रीन कार्डधारकाला यातलं काही लागू नाही. ग्रीन कार्डचा अर्ज नुसता प्रलंबित असेल आणि तुम्ही एच-वन-बीवरच असाल, तर मात्र सगळं लागू आहे.

दुकानातला फॉर्म

बंदूक घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो. त्यात नॉन-इमिग्रंट व्हिसाचा प्रश्न आहे आणि लगेच पुढे अपवादाचा. पहिल्याला घाबरून ‘नाही’ लिहिणारे लोक आहेत. तसं करू नका, खोटी माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे. दोन्हींना ‘हो’ लिहा, परवान्याची छापील प्रत द्या. दुकानदाराला ती फॉर्मला जोडावीच लागते, फोनवरचं चित्र दाखवून भागत नाही. आय-९४ वरचा, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीवरचा, प्रवेश क्रमांकही लागतो. तो पासपोर्टावर नसतो, आदल्या रात्रीच छापून ठेवा.

पत्त्यापाशी सर्वांत जास्त लोक परत जातात. ओळखपत्रावरचा पत्ता सध्याचा हवा. दर वर्षी अपार्टमेंट बदलणाऱ्यांचं लायसन्स जुन्याच पत्त्यावर असतं. मग नव्या पत्त्याचं दुसरं सरकारी कागदपत्र, उदाहरणार्थ गाडीची नोंदणी, सोबत लागतं. विजेचं बिल किंवा भाडेकरार इथे पुरत नाही. दुसरी अडचण नावाची. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव मधे असतं आणि लायसन्सवर कधी ते असतं, कधी गळलेलं असतं, कधी पहिल्या नावाला चिकटलेलं असतं. तपासणीत ते दोन वेगळे इसम वाटतात. फॉर्मवर लायसन्सप्रमाणे पूर्ण नाव लिहा आणि फरक असेल तर दुकानदाराला आधीच सांगा.

पार्श्वभूमीची तपासणी राज्याचं तपास खातं करतं आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून कोलोरॅडोत किमान तीन दिवस थांबल्याशिवाय बंदूक हातात मिळत नाही. शुक्रवारी दुकानात जाऊन शनिवारी डोंगरात जायचा बेत कुणी आखू नये. काही दुकानं व्हिसावाल्यांना सरसकट नाही म्हणतात. तो त्यांचा अधिकार आहे, वाद घालू नका, आधी फोन करून दुसरं दुकान बघा.

परवान्याचा अर्ज

१ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ऑनलाइन अभ्यासक्रम संपला म्हणजे प्रमाणपत्र मिळालं असं समजून लोक थांबतात. कोलोरॅडोत त्यानंतर प्रत्यक्ष हजर राहून शेवटचा वर्ग करावा लागतो आणि हे वर्ग हंगामाच्या तोंडावर भरलेले असतात. हिवाळ्यातच उरकून घ्या. दुसऱ्या राज्याचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असेल तर तेही चालतं.

रहिवासी म्हणून अर्ज करायला त्या आधीचे सलग सहा महिने कोलोरॅडोत राहिलेलं असावं लागतं. कॅलिफोर्नियाहून जानेवारीत आलेल्या माणसाने एप्रिलमध्ये रहिवासी म्हणून अर्ज करू नये. फी वाचवायचा मोह होतो, कारण बाहेरच्याची फी कितीतरी पट अधिक आहे, पण पकडलं गेलं तर दंड होतो आणि परवान्याचा हक्कही जाऊ शकतो.

एल्कचे परवाने सोडतीने वाटतात. मुख्य सोडतीचे अर्ज मार्चमध्ये सुरू होतात आणि एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री आठला बंद होतात. आठ म्हणजे आठ, मध्यरात्र नव्हे, आणि वेळ डेन्व्हरची. कामानिमित्त न्यू जर्सीला गेलेल्याने किंवा सुट्टीवर पुण्याला असलेल्याने हिशेब नीट करावा. सोडतीत भाग घ्यायला आधी एक पात्रता परवाना विकत घ्यावा लागतो, बहुतेक जण छोट्या जनावरांचा वार्षिक परवाना घेतात. व्हिसावाल्यांना हाच कागद दुहेरी कामाचा आहे: सोडतीलाही तो चालतो आणि वरच्या अपवादालाही.

अर्जात हंट कोड भरायचा असतो. त्यातलं पहिलं अक्षर जनावर, दुसरं नर-मादी, मग क्षेत्राचे तीन आकडे, मग हंगाम, शेवटी हत्यार. रायफलसाठी शेवटी ‘आर’ येतो, ‘एम’ म्हणजे जुन्या पद्धतीची ठासणीची बंदूक आणि ‘ए’ म्हणजे धनुष्य. हंगामाच्या जागी बहुतेकदा ‘ओ’ हे अक्षर असतं, शून्य नव्हे. एका अक्षराच्या चुकीने हातात धनुष्याचा परवाना आलेले लोक आहेत आणि खातं तो सहसा बदलून देत नाही. पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी कोड मोठ्याने वाचून दाखवा. परवान्याची रक्कम निकालानंतर कार्डातून कापतात. मधल्या काळात कार्ड बदललं तर मुदतीआधी स्वतः भरा, नाहीतर लागलेला परवाना जातो. नवख्याने मादीसाठी अर्ज करावा असं माझं स्पष्ट मत आहे. सोडतीत शक्यता जास्त, मांस उत्तम.

काडतूस

एल्कसाठी सीपीडब्ल्यूच्या अटी चार आहेत. गोळीचा व्यास किमान .२४ इंच, वजन किमान ८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक), गोळी लागल्यावर पसरणारी, आणि शंभर यार्डांवर किमान एक हजार फूट-पाउंड (गोळीच्या माऱ्याचं माप) ऊर्जा. चारही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात.

.२२३ रेमिंग्टन पहिल्याच अटीत बाद. गोळीचा व्यास .२२४ इंच, विषय संपला. मित्राकडे ती रायफल आहे म्हणून उसनी नेणारे दरवर्षी भेटतात. .२४३ विंचेस्टर व्यासात बसतं, पण त्याच नावाखाली ८० ग्रेनच्या गोळीचा डबाही मिळतो आणि तो एल्कला चालत नाही. १०० ग्रेनचा चालतो. रायफल तीच, काडतुसाचं नाव तेच, एक डबा कायदेशीर आणि शेजारचा बेकायदा.

म्हणून डबा उलटून बाजू वाचा. बहुतेक डब्यांवर एक छोटा तक्ता असतो, रकाने नळीच्या तोंडापाशी, १०० यार्ड, २०० यार्ड असे. वरची ओळ वेगाची, खालची ऊर्जेची. तुम्हाला खालच्या ओळीतला १०० चा आकडा हवा. तक्ता नसेल तर कंपनीच्या साइटवर असतो, छापून घ्या. कायदा उत्पादकाने दिलेला आकडाच धरतो, त्यामुळे वनरक्षकाने विचारलं तर तोच कागद पुढे करायचा. गोळीचा प्रकारही डब्यावरच असतो. पूर्ण धातूच्या कवचाची गोळी स्वस्त असते, रेंजवर सरावाला ठीक, शिकारीत बेकायदा. ती पसरत नाही, आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन दोन डोंगर पलीकडे मरतं. सरावाची उरलेली काडतुसं शिकारीच्या जॅकेटमध्ये ठेवू नका.

आता कायदेशीर काय आणि पुरेसं काय. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर सोळाशे फूट-पाउंडांच्या आसपास असते. कायद्यात आरामात बसते, पण एल्कचं खांद्याचं हाड जाड असतं आणि नवख्याचा नेम तिथेच जातो. मी ते सुचवत नाही. ६.५ क्रीडमूर १४३ ग्रेनच्या गोळीने दोन हजारांच्या जवळ राहतं आणि खांद्याला झटका सौम्य देतं. .२७० विंचेस्टर १९२५ पासून, .३०-०६ स्प्रिंगफील्ड १९०६ पासून चालत आलंय आणि .३०८ विंचेस्टर त्यांच्याच पंगतीतलं. १६५ ते १८० ग्रेनच्या मजबूत गोळीसह .३०८ किंवा .३०-०६ घ्या, यापलीकडे शोध घ्यायची गरज नाही. काडतुसं प्रत्येक गावातल्या दुकानात मिळतात, हंगामाच्या आदल्या दिवशीही.

दुकानदार .३०० विंचेस्टर मॅग्नम पुढे करेल. काडतूस उत्तम आहे, पण झटका असा की पाच गोळ्यांनंतर नवखा माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो. एकदा ती सवय लागली की महिनोन्महिने जात नाही. जखमी एल्क बर्फात शोधत फिरण्यापेक्षा हलकं काडतूस आणि शंभर-दीडशे यार्डांत नेमकी पडणारी गोळी केव्हाही चांगली. जास्त ताकद घेऊन वाईट नेमाची भरपाई होत नाही.

जंगलात आणि परतताना

कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी. केशरी कॅमोफ्लाज चालत नाही. गाडीत रायफलच्या नळीत काडतूस नको. जनावर पडल्यावर लगेच परवान्याचा टॅग (जनावराला लावायची चिठ्ठी) फाडून सही-तारीख करायची आणि नर की मादी हे ओळखू येईल तो भाग धडाला राहू द्यायचा. मांस टाकून देणं गुन्हा आहे. काही क्षेत्रांत हरणांच्या मेंदूच्या रोगासाठी डोकं तपासणीला देणं सक्तीचं असतं, परवान्यासोबतचं पत्र वाचा.

आणि भारतात जाताना शिकारीची बॅग, जॅकेट, पायमोजे काहीही सामानात घेऊ नका. अस्तरात, बाजूच्या खिशात एखादं काडतूस राहून गेलेलं असतं. मुंबई किंवा पुणे विमानतळावर ते यंत्रात दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस ठाणं, आणि कोलोरॅडोचा परवाना तिथे कुणी बघत नाही. प्रवासाची बॅग वेगळी घ्या आणि शिकारीची बॅग घरीच राहू द्या.