खाद्यपदार्थांचे टेक्स्ट इफेक्ट (बेळगाव सीमाभाग)

खाद्यपदार्थांचे टेक्स्ट इफेक्ट म्हणजे फोटोशॉप किंवा गिम्पसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांना खाण्याच्या पदार्थाचं रूप देणं, म्हणजे 'मध' हा शब्द मधानेच लिहिलाय असं वाटलं पाहिजे आणि 'कुंदा' लिहिलं तर ते कुंद्याच्या गोळ्यातूनच वळून ठेवल्यासारखं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यात हे काम दिसतं ते मिठाईच्या बॉक्सवर, गणपती-दिवाळीच्या फ्लेक्सवर आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला लावायच्या जाहिरातीत. इंग्रजी ट्युटोरियल चॉकलेट, डोनट नाहीतर चीजचे असतात, ते बघून हात बसतो हे खरं, पण इथल्या गिऱ्हाइकाला लागतंय कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई), करदंट (गूळ-डिंक-सुकामेव्याची वडी), मांडे, काकवी, आणि लिपी देवनागरी, बऱ्याचदा जोडीला कन्नड, त्यामुळे ते जसंच्या तसं उतरवून चालत नाही.

फोटोशॉप १९९० ला आलं, पण लेयर (एकावर एक ठेवलेले, वेगवेगळे बदलता येणारे चित्राचे थर) आले १९९४ च्या ३.० मध्ये. टाइप केलेला मजकूर नंतर बदलता येणं आणि लेयरला सावली, उठाव असे इफेक्ट लावणं ही सोय १९९८ च्या ५.० पासून. त्याआधी हेच काम चॅनेलमध्ये (चित्राच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीत) अक्षर ब्लर करून, सरकवून, लाइटिंग देऊन करायचे आणि एक काना चुकला तरी सगळं पहिल्यापासून. आज जे आपण लेयर स्टाइलमध्ये (लेयरला लावायच्या तयार इफेक्टमध्ये) पाच मिनिटांत करतो त्याच्यामागे ती मेहनत आहे.

मराठीसाठी पहिली पायरी पदार्थाची नाही, टाइपच्या सेटिंगची. ज्या व्हर्जनमध्ये पर्याय असेल तिथे प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट निवडायचं, जुन्या व्हर्जनमध्ये त्यालाच मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन म्हणायचे. हे केलं नाही तर युनिकोड मजकुरातली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात आणि 'मिठाई' वाचवत नाही. फाँट जाड आणि गोल पाहिजे. एक टाइप ह्या मुंबईच्या संस्थेचे 'बलू' आणि 'मोदक' हे दोन फाँट गूगल फाँट्सवर फुकट आहेत, त्यातला मोदक तर नावासारखाच गुबगुबीत, अक्षराच्या पोटातली मोकळी जागा नुसती केसाएवढी रेघ. बघायला सुंदर, पण म्हणूनच त्याला उठाव जपून द्यायचा, बेव्हलचा (कडेला उठाव देणाऱ्या इफेक्टचा) साइज थोडा वाढला की ती रेघ बुजते.

कुंद्याचं अक्षर करताना मी आधी कुंदाच समोर ठेवतो. दूध आटवून, साखर तांबूस करून झालेला तो रवाळ गोळा, रंग एकसारखा कधीच नसतो, कडेला गडद, मोडलेल्या बाजूला फिका, आणि चकाकी येते ती तुपाची, म्हणजे ओलसर आणि पिवळट. फोटोशॉपचा हायलाइट मात्र डिफॉल्टला पांढरा असतो आणि त्या पांढऱ्यानेच निम्मे कुंदे प्लॅस्टिकचे दिसायला लागतात. हायलाइटचा रंग सायीसारखा पिवळट घ्या, ओपॅसिटी (अपारदर्शकता) चाळीस टक्क्यांच्या आसपास आणा, सावलीचा काळा काढून गडद तपकिरी द्या, तेवढ्यानेच फरक पडतो. रवाळपणासाठी खिडकीतल्या तिरप्या उजेडात कुंद्याचा जवळून फोटो काढायचा, डीसॅच्युरेट करायचा म्हणजे रंग काढायचा, लेव्हल्सने काळं-पांढरं वेगळं करायचं, ऑफसेट फिल्टरने कडांचे सांधे मधे आणून पुसायचे आणि डिफाइन पॅटर्नने त्याचा पॅटर्न करून ठेवायचा. मग बेव्हलच्या आत टेक्स्चरमध्ये तो पॅटर्न, डेप्थ अगदी कमी. शेवटी टेक्स्ट लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करून (म्हणजे मूळ मजकूर आत जपून) थोडं रिपल हे लहरी पाडणारं फिल्टर मारलं की कडा सुरीने कापल्यासारख्या न राहता हाताने दाबल्यासारख्या होतात, आणि आतला शब्द नंतरही बदलता येतो, रॅस्टराइझ केलं, म्हणजे मजकुराचं नुसतं चित्र केलं, तर तो रस्ता बंद.

आता खरी गोष्ट. देवनागरीत अक्षराच्या भोवती जे काही ठेवाल ते वाचलं जातं. 'कुंदा' वरच्या अनुस्वाराच्या जागी काजू ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता, पण काजू वाकडा असतो, उताणा पडला की तो टिंब न दिसता चंद्र दिसतो आणि शब्दाचा उच्चारच बदलतो. तिथे चारोळी घ्या, गोल आहे, टिंबाचं काम चोख करते. तसंच काकवीचं. काकवी किंवा मध करताना लेयरचा फिल शून्यावर आणायचा, म्हणजे अक्षराचा स्वतःचा रंग जातो आणि इनर शॅडो, इनर ग्लो, बेव्हल तेवढे उरतात, त्यातून मागचं दिसणारा पातळ रस तयार होतो. मग ओघळ. इंग्रजी अक्षरात ओघळ कुठूनही सोडा, आपल्याकडे तो शिरोरेषेवरून सोडला की काना होतो! 'कर' च्या मधे एक लांब ओघळ आला की झालं 'कार'. अक्षराच्या पायथ्याला डावीकडे वळलेला थेंब उकारासारखा दिसतो आणि सुटा थेंब नुक्त्यासारखा (अक्षराखालच्या टिंबासारखा). म्हणून ओघळ अक्षराच्या मूळच्या दांड्याच्याच खालच्या टोकाला वाढवायचे, शिरोरेषेवर नुसता जाड थर साचलेला दाखवायचा, आणि सगळं झाल्यावर झूम कमी करून शब्द एकदा मोठ्याने वाचायचा. मिठाईवाले म्हणतात, 'अण्णा, बघूनच तोंडाला पाणी सुटलं पाहिजे बघा', ते बरोबरच, पण आधी नाव वाचता आलं पाहिजे की.

कन्नडमध्ये गणित वेगळं पडतं. त्या लिपीतला अनुस्वार डोक्यावरचं टिंब नसून अक्षराच्या शेजारी ओळीतच बसणारं पोकळ वर्तुळ आहे, त्यामुळे तिथे चारोळी ठेवून भागत नाही, पण वर्तुळाच्या आत बदामाचा काप फार छान बसतो. उलट खाली जोडलेली ओत्ताक्षरं जाड स्ट्रोकमध्ये वरच्या अक्षराला चिकटतात, तिथे स्ट्रोक कमी करावा लागतो. कर्नाटकात २०२४ च्या कायदादुरुस्तीने दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड आणि ते वरच्या भागात असणं सक्तीचं आहे, म्हणजे पाटीवर मराठी खाली आणि लहान येते. एकच लेयर स्टाइल कॉपी करून दोन्ही ओळींना लावली तर वरची कन्नड रवाळ दिसते आणि खालची मराठी नुसती फुगून बुजते, कारण स्टाइलचे आकडे पिक्सेलमध्ये असतात, ते अक्षराबरोबर आपोआप लहान होत नाहीत. मराठी ओळीच्या स्टाइलवर राइट क्लिक करून स्केल इफेक्ट्सने टक्केवारी कमी करायची. आपली अक्षरं आधीच लहान जागेत आलीत, निदान ती स्वच्छ तरी वाचता यावीत एवढी काळजी करणाऱ्याने घ्यायलाच पाहिजे.

गोकाकच्या करदंटाला मात्र एवढा खटाटोप लागत नाही. गूळ, डिंक आणि सुकामेवा इतका ठासून भरलेला असतो की वडीच्या कापलेल्या बाजूचा चांगला फोटो अक्षरावर ठेवून कंट्रोल-ऑल्ट-जी ने क्लिपिंग मास्क केला, म्हणजे फोटो अक्षराच्या आकारापुरताच दिसतो, की झालं, वरून हलकी इनर शॅडो. मांडे अवघड, कारण मांड्याला रंगापेक्षा पापुद्रा महत्त्वाचा. एकाच अक्षराच्या चार-पाच कॉपी दोन-दोन पिक्सेल सरकवून प्रत्येकीला बारीक सावली दिली तर घडी जाणवते, त्यावर पिठीसाखरेचे ठिपके स्कॅटर केलेल्या ब्रशने.

बॉक्ससाठी ३०० रिझोल्यूशनला (इंचाला ३०० पिक्सेल) काम सुरू करायचं आणि छापायला देण्याआधी सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) प्रूफ बघायचं. तपकिरी रंग बहुतेक टिकतात, पण जिलेबीचा स्क्रीनवरचा लखलखीत केशरी कागदावर मळकट उतरतो.