नोंद गेली, फाइल राहिली : जँगोतल्या अपलोडची पार्श्वभूमी

जँगो म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बांधायची चौकट. तिच्यात डेटाबेसमधली एखादी नोंद डिलीट केली, तरी तिला जोडलेली फाइल जागेवरच राहते. नवीन माणसाला हा बग वाटतो. पण मार्च २०११ मध्ये आलेल्या १.३ आवृत्तीत हे जाणूनबुजून ठरवलं गेलं, आणि त्यावरची कुरबुर अजून संपलेली नाही.

त्याआधीचं थोडक्यात. ब्राउझरमधल्या फॉर्ममधून फाइल पाठवायची रीत नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजानं घालून दिली. जँगो २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वर्तमानपत्राच्या वेब विभागातला. सुरुवातीला अपलोड केलेली अख्खी फाइल मेमरीत वाचली जायची. बातमीच्या फोटोपुरतं ते चालून जायचं. मोठा व्हिडिओ आला की सर्व्हरच्या तोंडाला फेस. सप्टेंबर २००८ च्या १.० मध्ये अडीच एमबीची रेघ मारली गेली. तिच्या आतली फाइल मेमरीत, पलीकडची तात्पुरत्या फाइलीत.

त्या रेघेनं पुढे कैक वर्षं लोकांना छळलं. लहान फोटो साइटवर दिसायचे, मोठे फोटो ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ ही चूक द्यायचे. कारण तात्पुरती फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी बनते, ती तशीच उचलून मीडिया फोल्डरमध्ये, म्हणजे अपलोडच्या कायमच्या जागी, ठेवली जायची, आणि वेब सर्व्हर वेगळ्या युजरच्या नावानं चालत असेल तर त्याला ती उघडता यायची नाही. मी स्वतः एकदा यात आख्खी दुपार घालवली, आणि संशय सगळा फोटोच्या फॉरमॅटवर! डिसेंबर २०१९ च्या ३.० मध्ये दोन्हींना सारखीच परवानगी देण्याची सोय मूळ सेटिंगमध्येच आली.

१.० मधलं दुसरं काम जास्त दूरगामी ठरलं : फाइल कुठे ठेवायची हे मॉडेलपासून, म्हणजे नोंदीचा आराखडा ठरवणाऱ्या कोडपासून, सुटं करून ‘स्टोरेज’ नावाच्या वेगळ्या कोडकडे सोपवलं. अ‍ॅमेझॉनची फाइली ठेवायची ऑनलाइन सेवा एस-थ्री मार्च २००६ पासून सुरूच होती. त्यामुळे मॉडेलला हात न लावता फाइली डिस्कवरून बकेटमध्ये, म्हणजे एस-थ्रीवरच्या आपल्या कप्प्यात, हलवणं शक्य झालं, आणि ते काम जँगो-स्टोरेजेस या बाहेरच्या पॅकेजनं उचललं.

आता तो निर्णय. १.३ च्या आधी नोंद डिलीट केली की फाइलफील्ड, म्हणजे मॉडेलमधला फाइल सांभाळणारा रकाना, स्वतःहून फाइलही पुसायचं. यात दोन खड्डे होते. पहिला ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे एकत्र पक्क्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या डेटाबेसच्या बदलांचा : नोंद डिलीट झाली, फाइल पुसली गेली, मग पुढच्या पायरीवर चूक होऊन सगळं रोलबॅक, म्हणजे रद्द, झालं. डेटाबेस मागे फिरला, नोंद परत आली. फाइल कुठून येणार? दुसरा खड्डा सामायिक फाइलीचा : वेगवेगळ्या मॉडेलमधल्या दोन नोंदी एकाच फाइलीकडे बोट दाखवत असतील, तर एक डिलीट करताच दुसरीची फाइलही जाणार. म्हणून ठरलं की फाइलफील्ड आपणहून कधीच काही पुसणार नाही. मागे राहिलेल्या अनाथ फाइली ज्यानं त्यानं निस्तराव्यात.

त्या दिवसाचा विचार केला तर हे बरोबरच होतं. गेलेली फाइल परत आणण्यापेक्षा उरलेली झाडणं सोपं. पण डिसेंबर २०१५ च्या १.९ मध्ये ‘ऑन कमिट’ आलं, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावरच एखादं काम करायची सोय. पहिला खड्डा तिथेच बुजवता आला असता. निर्णय मात्र बदलला गेला नाही, ऐच्छिक सेटिंग म्हणूनही नाही. जँगो-क्लीनअप हे बाहेरचं पॅकेज नेमकं हेच काम करतं. पण तीच फाइल दुसऱ्या नोंदीच्या वापरात आहे का, हे तेही तपासत नाही.

गोंधळात भर घातली ती ‘क्लिअर’ या शब्दानं. त्याच १.३ मध्ये फॉर्मवर फाइलीशेजारी ‘क्लिअर’चा चौकोन आला. त्यात टिक करून सेव्ह केलं की नोंदीतला फाइलीचा कॉलम रिकामा होतो, फाइल जागेवरच. वापरणारा म्हणतो, फोटो काढून टाकला. पण जुनी लिंक कुणाकडे असेल, तर फोटो अजून उघडतो.

दुसरा खड्डा बकेटमध्ये गेल्यावर उलट मोठाच झाला. डिस्कवर त्याच नावाची दुसरी फाइल आली तर जँगो नाव बदलतं : आधी पुढे एक, दोन असे आकडे जोडायचं, आणि अशी शेकडो नावं तपासायला लावून सर्व्हर दमवता येतो हे लक्षात आल्यावर २०१४ पासून सात अक्षरांची यादृच्छिक शेपटी. जँगो-स्टोरेजेसच्या एस-थ्रीसाठीच्या भागात मात्र मुळातच ‘त्याच नावाची आली तर वर लिहा’ असं आहे. ते बंद करायला वेगळं सेटिंग लागतं. प्रवेश अर्जाचा फॉर्म डोळ्यांपुढे आणा. निम्मी मुलं फोटोचं नाव ‘फोटो’ असंच ठेवतात. दुसऱ्या मुलीनं चढवला की पहिल्या मुलीच्या अर्जावर दुसरीचा चेहरा, आणि दोन्ही नोंदी एकाच फाइलीकडे.

रेल्स या रूबी भाषेतल्या तशाच चौकटीनं एप्रिल २०१८ च्या ५.२ मध्ये अ‍ॅक्टिव्ह स्टोरेज ही अपलोडची सोय आणताना नेमकी उलट वाट धरली. फाइलीची माहिती स्वतंत्र टेबलात, प्रत्येक फाइलीला यादृच्छिक नाव, आणि नोंद गेली की फाइल पुसण्याचं काम पडद्यामागे चालणाऱ्या कामांच्या रांगेत. उशिरा आल्याचा फायदा म्हणा, पण जमलंय.

जँगोत त्यानंतर हललं ते जागेच्या बाजूनं. एप्रिल २०२३ च्या ४.२ मध्ये ‘स्टोरेजेस’ हे एकच सेटिंग आलं, मीडिया (अपलोड केलेल्या फाइली) आणि स्टॅटिक (साइटच्या स्वतःच्या फाइली) दोन्हींचं स्टोरेज त्यात लिहायचं. त्यांची जुनी वेगवेगळी सेटिंग ऑगस्ट २०२४ च्या ५.१ मध्ये काढून टाकली. दरम्यान आपल्याकडे दोन गोष्टी घडल्या. जून २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन, म्हणजे इथलं डेटा केंद्र, सुरू झालं आणि बकेट मुंबईत ठेवता येऊ लागल्या. मग २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्यात आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. खातं बंद केलं, नोंद डिलीट झाली, आधार कार्डाचा फोटो मात्र बकेटमध्ये तसाच. २०११ च्या निर्णयाच्या कारणांत हा प्रश्न नव्हता.

फाइलफील्डच्या अधिकृत दस्तऐवजात उत्तर अजून तेच आहे : अनाथ फाइली साफ करायच्या असतील तर स्वतःची कमांड लिहा आणि ती हवं तर क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीला, लावा.